रंजूची चाहूल

या खेपेला आंधळगावला गेले ती रंजूच्या बाळंतपणासाठी. रंजू माझी धाकटी बहीण. तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत, पण आमच्या घरात त्याबद्दल कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. शहापूरहून निघाले, मोहाडीला उतरून ऑटो धरला, आणि घराचं वळण यायच्या आधीच तो वास आला. धानाच्या कोंड्याचा धूर. ओलसर, किंचित गोड, घशात बसणारा. घरात गॅस येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी रंजू आली म्हणून मायनं घरामागच्या सांदवाडीतून ती जुनी शेगडी काढली होती. पत्र्याच्या डब्यात कोंडा ठासून भरायचा, मधे हवेला वाट ठेवायची, मग दुपारपर्यंत ती मंद धुमसत राहते आणि वरचं पाणी गार होत नाही.

माहेरच्या वासानं बायकांचा जीव निवतो म्हणतात. माझा निवला नाही. पायरीवर चपला काढताना माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून कान देते आहे. आतून रंजूची चाहूल येते का, ते ऐकते आहे.

आमच्या घरानं आयुष्यभर हेच केलं. ऐकलं.

रंजू पाळण्यात होती तेव्हा तिच्या हातांची बोटं सुजली होती. इवलीशी बोटं, शेंगेसारखी तट्ट झालेली. ती इतकी रडली की पुढे तिचा आवाजच बसला. कोणी म्हटलं वारं लागलं, कोणी म्हटलं नजर, कोणी म्हटलं दात येत असतील. मी तेव्हा तीन वर्षांची. त्यातलं मला खरोखर काय आठवतं आणि मायनं पुन्हा पुन्हा सांगितल्यामुळे काय आठवतं, हे आता वेगळं करता येत नाही. एवढं नक्की आठवतं की माय तिला मांडीवर घेऊन बसलेली असे आणि मी जवळ गेले की हातानंच मला थांबवी. शिवू नको. दुखते तिले.

त्या दुखण्याला नाव मिळालं ते फार उशिरा. शाळेत रक्त तपासायला लोक आले होते. महिनाभरानं आम्हाला कार्डं मिळाली. रंजूचं लाल, माझं पिवळं. मग आईबाबांचंही रक्त तपासलं. दोघांचीही कार्डं पिवळी. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तुम्हा दोघांच्या रक्तात हे थोडं थोडं आहे, त्याचा तुम्हाला त्रास नाही, पण दोघांचं ते थोडं थोडं या पोरीत एकत्र आलं आहे. तिच्या रक्तातल्या गोल पेशी वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात, म्हणून हाडं दुखतात. त्यांनी कागदावर एक वाकडी रेघ काढून दाखवली आणि म्हणाले, अशा. विळ्यासारख्या.

माय ती रेघ बराच वेळ बघत होती. तिचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या शेतांतल्या बांध्यांमधलं धान कापण्यात गेलं होतं. त्या वर्षी कापणीला निघताना मी तिला पाहिलं. भिंतीच्या खिळ्यावरचा इळा काढताना तिचा हात क्षणभर अडला. मग तिनं तो पदरात गुंडाळला आणि गेली. त्यानंतर जितकी वर्षं कापणीला गेली तितकी वर्षं ती इळा पदरात गुंडाळूनच नेई, रंजूच्या डोळ्यांसमोर उघडा धरत नसे.

बाबांनी तिला एकदाच सांगितलं की यात कोणाचा दोष नाही, तुझाही नाही, माझाही नाही. त्यावर त्या दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पण मायनं त्या दिवसापासून सगळ्यांच्या शेवटी जेवायला सुरुवात केली, आणि भांड्यात जे उरेल तेवढंच जेवायची.

थंडीचे दिवस आमचे भीतीचे. लोकांकडे दिवाळी संपली की नव्या धानाच्या गोष्टी निघत. आमच्याकडे खिडक्या बुजवायचं काम निघे. बाबा धानाच्या वाळक्या गवताच्या, तनसाच्या पेंढ्या वळून खिडकीच्या गजांत बसवत, वरून मायच्या जुन्या लुगड्याचा पडदा. घरात दिवसभर सोनेरी अंधार असे आणि तनसाचा सुका वास. अंघोळीला पहिलं पाणी रंजूचं. ती उठली की उरलेल्या कोमट पाण्यात माझी अंघोळ, आणि ते पाणी मोरीच्या तोंडाशी ठेवलेल्या बादलीत धरून त्यात कपडे भिजत. घरात एकच नवं स्वेटर होतं, ते तिचं. माझं स्वेटर बाबांच्या जुन्या स्वेटरची बाही उसवून विणलेलं होतं. कोंबडी अंडं घालायची ते रंजूचं. भात वाढताना माय अख्खा तांदूळ तिच्या ताटात आणि कण्या आमच्या ताटात, हे इतक्या सहज करी की पाहुण्याला कळू नये. मला कळायचं. मला त्या अंड्याचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटला की लगेच भीती वाटायची. माझ्या मनात काही वाईट आलं तर तिचं दुखणं येईल, असं मला खरंच वाटे.

दुखणं आलं की लोखंडी कढईत रेती तापायची. नदीची बारीक रेती, बाबांनी चाळून आणलेली. ती धोतराच्या फडक्यात बांधून माय रंजूच्या गुडघ्यांवर, कोपरांवर, पाठीच्या मणक्यांवर फिरवी. एक पुरचुंडी गार होईपर्यंत दुसरी तापलेली. ते काम माझ्याकडे असे. कढईपाशी बसून मी रेतीचा तो बारीक तडतड आवाज ऐके. सरकारी दवाखान्यातल्या छोट्या पिवळ्या गोळ्या संपल्या आणि गावात मिळाल्या नाहीत, की बाबा सायकलनं मोहाडीला जात. ते परत येईपर्यंत माय दर थोड्या वेळानं अंगणात जाऊन रस्त्याकडे बघून येई.

एकदा माय शेजारणीसोबत कुठेशी जाऊन आली आणि रंजूच्या पायात एक काळा धागा दिसला. पैंजणाच्या आत लपवलेला. आमच्या घरात असलं काही चालत नसे. बाबांच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा घरातलं सगळं असलं वैनगंगेत सोडून दिलं होतं, हे बाबा अभिमानानं सांगत. रंजूचे पाय चेपताना त्यांना धागा दिसला. मी तिथेच होते. आता काय होईल म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. बाबांनी धाग्यावरून पैंजण नीट सारखा केला, चेपत राहिले. संध्याकाळी आम्ही वंदनेला बसलो तेव्हा त्यांचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता, आणि मायची मान रोजच्यापेक्षा खाली. किती दिवसांनी कोण जाणे, तो धागा झिजून आपोआप तुटला. नवा कोणी बांधला नाही.

पण खरी भीती दुसरीच होती. रंजू मोठी होत गेली तशी ती रडेनाशी झाली. दुखणं तेच, तिचं रडणं मात्र संपलं. ती भिंतीकडे तोंड करून पडे, पायाची बोटं आत वळवून, आणि अगदी गप्प. त्यामुळे दुखणं कधी सुरू झालं ते कोणाला कळेना. मग मायनं हाका मारायला सुरुवात केली. चुलीपाशी असो की सांदवाडीत, थोड्या थोड्या वेळानं हाक यायची, रंजू. आतून उत्तर यायचं, हो. बाबा बाहेरून आले की तेच. मी अभ्यास करता करता तेच. दिवसभर घरात ते एक नाव आणि तो एक हो. दोन्हींच्या मधल्या क्षणात आम्ही तिघं जिथे असू तिथे थांबलेले असू. मायचा हात पिठात, बाबांचा सायकलच्या साखळीवर.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हाची ती कापणी. आईबाबा दोघंही गावाबाहेरच्या शेतावर गेले होते. त्या दिवसांत दोघांनी जाणं भाग असे, वर्षाचं पोट त्यावर. शाळेला सुट्टी होती. निघताना मायनं मला बजावलं, "तिच्यापासून हलू नको. घडीघडी आवाज देजो."

रंजू घरापुढच्या छपरीतल्या खाटेवर गोधडी पांघरून पडली होती, भिंतीकडे तोंड करून. मी भांडी घासली आणि हाक मारली. हो, म्हणाली. अंगण झाडलं, हाक मारली. या वेळी उत्तर उशिरा आलं. इतकं उशिरा, की माझ्या हातातला खराटा खाली पडला होता. मग मी तिसऱ्यांदा हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली आणि उत्तर आलंच नाही तर? मारलीच नाही, तर मला कळणारच नाही.

आमच्या शेजारी यमुनाकाकूंचं घर. कोष्ट्याचं घर, दारातच हातमाग. त्या कोशाचं, रानरेशमाचं कापड विणत. सकाळपासून तो माग खटखट वाजायचा, आणि त्या घरात गेलं की दुसरं काही ऐकू येत नसे. मी फाटक लोटून तिकडे गेले आणि मागाजवळच्या पायरीवर बसले. काकूंनी मान वर करून पाहिलं, हसल्या, पुन्हा विणायला लागल्या. धोटा इकडून तिकडे जात होता. कोशाला एक रानटी, कडवट वास असतो, तो नाकात भरला. किती वर्षांत माझे कान इतके रिकामे झाले नव्हते. दारातून आलेलं ऊन हळूहळू सरकत ताण्यावर चढलं आणि पिवळे धागे चमकायला लागले, तरी मी उठले नाही.

परत आले तेव्हा रंजू खाटेपाशी जमिनीवर पडलेली होती. पाण्याचा लोटा उपडा, हाताच्या थोडा पलीकडे. ओठ पांढरे, सुकून फाटलेले. डोळ्यांचं पांढरं हळदीसारखं. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. काकूंचा माग थांबला एवढं आठवतं. काकू धावत आल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं, पदर भिजवून ओठांवर धरला, आणि मला विचारलं, कधीपासून आहे असं? मी म्हटलं, आत्ताच.

त्यांनी पाहिलं होतं मला. कितीतरी वेळ मी त्यांच्याच पायरीवर होते. त्या एक क्षण माझ्याकडे बघत राहिल्या आणि पुन्हा पदर भिजवायला लागल्या.

कापड न्यायला आलेला एक टेम्पो गल्लीत उभा होता. त्यातच तिला घालून भंडाऱ्याला नेलं. आईबाबा शेतातून तसेच आले, मायच्या केसांत धानाची कुसळं होती. दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच विचारलं. मी पुन्हा म्हटलं, आत्ताच. मायनं विचारलं. तिलाही तेच. रंजूला रक्त चढवलं. थेंब थेंब पडणारं ते लाल मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून बघत होते. प्रत्येक थेंबाला वाटायचं की आता ही डोळे उघडेल आणि सांगेल, ताई नव्हती घरात.

तिनं डोळे उघडले. सांगितलं नाही. चार-पाच दिवसांनी आम्ही घरी आलो.

आईबाबांनी सगळा दोष स्वतःवर घेतला. आपण दोघंही कायले गेलो, हेच माय म्हणत राहिली. त्यानंतर ती मजुरीला कधीच गेली नाही. घरी एक माणूस पाहिजेच, असं ठरलं. मग कण्या आमच्याच नाही, कधी कधी रंजूच्याही ताटात यायला लागल्या. तनसाचे पडदे आणखी जाड झाले. मला पुढे शिकायला भंडाऱ्याला पाठवायचं होतं, ते दोन वर्षं मागे पडलं. मी कुरकुर केली नाही. सगळ्यांना वाटलं, पोरगी किती समजूतदार.

वीस वर्षं मी ते पोटात ठेवलं. रंजू वाढली, शिकली, शिवणकाम करायला लागली. लग्न ठरवताना तिनंच आधी मुलाला रक्त तपासायला पाठवलं. त्याचं कार्ड पांढरं निघालं, रक्तात हे काहीच नाही, तेव्हा कुठे हो म्हणाली. तुमसरला मोटारी दुरुस्त करणारा शांत माणूस आहे तो. मूल मात्र नको, असं आम्ही सगळ्यांनीच तिला सुचवून पाहिलं होतं. डॉक्टरही म्हणाले, जोखीम आहे. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि तिला हवं तेच केलं.

या वेळी मी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. ती जुन्या सुती लुगड्याची दुपटी शिवत होती. माय शेगडीपाशी. यमुनाकाकू आता नाहीत. त्यांच्या घरावर सिमेंटचा मजला चढला आहे आणि तिथून कसलाच आवाज येत नाही. त्या शांततेनं मला बोलतं केलं की काय, ठाऊक नाही.

"त्या कापणीच्या दिवशी मी काकूकडे जाऊन बसली होती," मी म्हटलं. "लय वेळ."

रंजूनं दातानं दोरा तोडला. "माहीत आहे मले. जागीच होती मी. तुह्या पायाचा आवाज आला, मंग फाटकाचा."

"मंग हाक काहून नाही मारली?"

ती सुईत दोरा ओवत राहिली. दोन वेळा चुकला. मग म्हणाली, "बरं वाटलं मले, ताई. दुखत तर होतंच. पण घरात कोणी माह्याकडे पाहून नाही राहिलं होतं. तुम्हा तिघांची तोंडं पाहून मले दुखण्यापेक्षा जास्त भेव वाटे. म्हणून तर मी गप्प राहो." तिनं सांगितलं की पाण्यासाठी उठली आणि पडली, तेव्हा मात्र खरी घाबरली.

मला वाटलं होतं ती रडेल, रागावेल, निदान माफ तरी करेल. तिनं दुपट्याची कड दुमडली आणि शिवायला घेतली.

त्यानंतर आठवड्यानंच दुखणं आलं. बाळंतपणाच्या कळा नव्हत्या, तिचं जुनंच दुखणं, पाठीत आणि छातीत. सकाळी चहा घेता घेता ती गप्प झाली आणि आम्हा तिघांनाही एकदमच कळलं. भंडाऱ्याला पोचेपर्यंत तिचे ओठ निळे झाले होते. डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही, मूल काढावं लागेल. तिचा नवरा तुमसरहून आला, त्याच्या हातांना अजून काळं तेल होतं. त्यानं सही केली. आम्ही बाकावर बसलो. बाबा ओठांतल्या ओठांत वंदना म्हणत होते. माय माझा हात इतका घट्ट धरून होती की नखं रुतली. दाराच्या पलीकडून काहीच ऐकू येत नव्हतं. आयुष्यभर ऐकत आलेले आम्ही, आणि त्या दारातून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी मनात म्हटलं, हे मी मागून घेतलेलं आहे. त्या पायरीवर बसून मीच हे मागितलं होतं.

मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. रंजूला पुन्हा रक्त चढलं, नाकाला प्राणवायूची नळी. तीन दिवस डॉक्टर स्पष्ट काही सांगत नव्हते. चौथ्या दिवशी रंजूनं पाणी मागितलं. पंधरा-सोळा दिवसांनी दोघी घरी आल्या.

डॉक्टरांनी सांगितलं आहे की बापाचं कार्ड पांढरं असल्यामुळे मुलीचं फार तर पिवळं असेल, तुमच्यासारखं. तिला तो त्रास होणार नाही. मायनं हे तीन वेळा विचारून घेतलं आणि तिन्ही वेळा तिला पटलं नाही. घरी येताच खिडक्यांवर पडदे आले. ओंजळीएवढं ते लेकरू गोधड्यांत दिसेनासं झालं. ते झोपलं की माय वाकून त्याच्या नाकापाशी गाल नेई. बाबाही. मीही. एकदा तर आम्ही तिघं एकाच वेळी खाटेवर वाकलो होतो आणि रंजू भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होती.

परवा सकाळी ऊन चांगलं तापलं तेव्हा तिनं मुलीला उचललं आणि बाहेर निघाली. माय म्हणाली, वारा आहे. मी टोपी शोधायला उठले. बाबांनी काठी घेतली.

"तुम्ही आतच बसा," रंजू म्हणाली. "तिघंबी." आणि अंगणात जाऊन तिनं बाहेरून दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. नुसतं ओढून घेतलं.

आम्ही आत बसलो. माय एक धुतलेलं ताट पदरानं पुसत होती. ते कोरडंच होतं. बाबांनी काठी मांडीवर आडवी धरली. बाहेर खाट करकरली. मुलगी थोडं रडली, जेमतेम मांजरीएवढा आवाज, आणि मग थांबली. बराच वेळ काहीच आलं नाही. माय अर्धी उठली. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ती पुन्हा खाली बसली.

बाहेरून अजूनही काही ऐकू येत नव्हतं. कोणी उठलं नाही.